पाखराआधीचा घास

मार्च निम्मा सरला तरी उंबऱ्याशी बर्फ,
मळकट, राखेनं माखलेला, जायचं नाव न घेणारा.
उठल्या उठल्या, दार उघडायच्या आधी
आम्ही एकेक घास खातो, राईचा पाव, वर मीठ.
वर्षातलं पहिलं पाखरू उपाशीपोटी ऐकलं
तर ते माणसाला वर्षभर फसवतं म्हणे.
बेटावर सगळेच खातात.
पाद्रीणबाईसुद्धा. विचारलं तर नुसत्या हसतात.

मग अंगणात. एंडेल गडग्यावर टेकतो,
मी उभी, पायाशी पोंतु.
गडग्यापलीकडे ज्युनिपरची झुडपं, त्यापलीकडे समुद्र,
अजून गोठलेला, मधूनच कण्हणारा,
झोपेत कूस बदलणाऱ्या गुरासारखा.
कानोसा घ्यायचा. बोलायचं नाही.

कोठाराच्या दारावर, आतल्या बाजूनं,
सुतारी पेन्सिलीनं लिहिलेल्या तारखा आहेत,
एकेचाळीस वसंतांच्या. चंडोल आल्याच्या.
पुढे, ज्यानं आधी ऐकला त्याचं अक्षर.
हे. हे. हे. हेल्वे, म्हणजे मी.
मध्येच कुठे एक ए,
तोही मी इस्पितळात होते त्या सालचा.
एंडेलचा डावा कान ट्रॅक्टरांनी खाल्ला,
वर्कशॉपात तीस वर्षं.
त्याच्याशी ओरडून बोलायची सवय
गावाला मीच लावली.

आज वारा पडलेला.
पन्हळीतून थेंब. थेंब.
मग बराच वेळ काहीच नाही.
एंडेलनं बोट वर केलं.
"आला."
मी आभाळ पाहिलं. सायीसारखे ढग, बाकी कोरं.
"कुठे?"
"लाइनेच्या शेतावर. वर वर चाललाय बघ,
श्वाससुद्धा घेत नाही मेला."

वाटलं, थट्टा करतोय.
वाटलं, म्हातारा झाला, आठवणीतलं ऐकतोय.
मग सहज खाली बघितलं.
पोंतुचे दोन्ही कान टवकारलेले,
नाक एंडेलच्या बोटाच्या रोखानं.

कुत्र्याला थट्टा येत नाही.

हिवाळाभर रेडिओ कोण मोठा करत होतं,
किटली शिटी देत नाही म्हणून
दुकानदाराशी कोण भांडून आलं,
सगळं ओळीनं उभं राहिलं माझ्यासमोर
आणि मी आपल्याच अंगणात कानकोंडी.

पेन्सिल त्यानं माझ्याच हाती दिली.
मी तारीख घातली. पुढे ए काढला,
पाटीवर पोरं काढतात तेवढा मोठा.
तो काही बोलला नाही. पेन्सिल खिळ्याला अडकवली.

घास तर खाल्ला होता मी,
मीठ अजून जिभेवर आहे.
पाखराला बोल कसा लावू?

परत येताना त्यानं विचारलं,
"कॉफी टाकू का?"
किती मोठ्यानं! लाइनेचं शेत दचकलं असेल.
मीही तेवढ्याच मोठ्यानं म्हटलं,
"टाक."