तिसरी टिचकी

दुपारपासून तीन तक्ते उघडून बसलेय
गायत्रीनगरच्या आयटी पार्कात.
पहिला देखणा; पाचशे ओळींत धापा टाकतो.
दुसऱ्याला पानं, दहा-दहा ओळींची.
कळमन्यातून लांजेवार अडत्यांचा फोन :
"पानं कायले पलटवाचे जी?
गाड्या थांबते का कोनासाठी?"

भावानं लावा, वजनानं लावा, ठीक.
नावानं लावलं की अतकरे कायम वर
आणि हेडाऊ शेवटच्या पानावर,
जिथं कुणी जातच नाही.

तिसरा साधाच. मथळ्यावर एक टिचकी, चढता.
दुसरी, उतरता.
तिसरीला सगळी हुशारी सोडून
संत्री फाटकातून आत आली
त्या क्रमानं.

हेडाऊ. पहाटे चार दहा. पहिली गाडी.

हाच घेतला.
पानं उद्या बघू.