दोन पानं, फोटो असेल तर अडीच

लाझरस आढावच्या नातवानं कॅनडाहून पुस्तक पाठवलं.
त्याच्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा इतिहास,
शंभर वर्षांचा, गुळगुळीत.
शरणपूर रोडच्या रद्दीवाल्याकडे आम्ही ते तोललं, उगीच.
तीन किलो दोनशे.

त्यात सगळं आहे.
कुठल्या साली किती बर्फ, कुणाचं ढोपर कधी गेलं,
एकदा चेंडू गोठून दगड झाला
तर तो शेकोटीपाशी धरून बसलेल्या पोराचंही नाव.
त्यांचा चेंडू लांबट, कच्च्या पपईसारखा,
पडला की कुठं उडेल नेम नाही.
पायापेक्षा हातानंच जास्त खेळतात.
तरी फुटबॉल म्हणतात. म्हणोत बापडे.
मैदानात एका बाजूचे बारा. मी दोनदा मोजले.

युद्धाच्या एका सालाला पान कोरं आहे.
खाली सात नावं.

प्राचार्य म्हणाले, गांगुर्डे,
अडतीस वर्षं तुम्ही क्रीडा विभागात काढली,
आपल्याही संघाचं लिहा. स्मरणिकेला हवंय.
दोन पानं. फोटो असेल तर अडीच.

संघ कधी सुरू झाला, माहीत नाही.
मी लागलो तेव्हा होता.
रजिस्टर होतं, त्याची पहिली चाळीस पानं वाळवीनं खाल्ली,
पुढची कुणी भेळेला नेली असतील.
तेव्हा आठवतं तसं लिहितो.

देवराम भोये, सुरगाण्याचा. त्याला बूट दिले नऊ नंबरचे.
ते गळ्यात अडकवून तो अनवाणी धावायचा,
आणि बूट छातीवर आपटत
त्याच्या मागं मागं.
मन्सूर कोकणी, डावा पाय. पुढं कुवेतला गेला.
एक परेरा होता देवळाली कॅम्पचा, त्याचं पहिलं नाव
रात्री आठवतं, सकाळी जातं.

ऐंशी साली सिंहस्थ. मैदान तंबूंना गेलं.
गोलपोस्टच्या आडव्या दांड्यावर भगव्या लंगोट्या वाळत
आणि पोरं कुंपणाबाहेरून बघत,
आत घुसून काढा म्हणायची कुणाची छाती नाही.
ब्याण्णवला तिथंच गाड्या लागल्या.
चाकोऱ्यांमधून चेंडू वर्षभर
स्वतःच्या मनानं वळत राहिला.
त्या सालांना आमच्याकडे कोरं पानसुद्धा नाही.

शहात्तरची फायनल मात्र पक्की.
लाझरस गोलीत. तो पुढं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये लागला,
दिवसभर नोटा मोजायचा.
आम्ही सात खाल्ले असं सगळे म्हणतात.
लाझरस शेवटपर्यंत म्हणत राहिला, सहा.
जाळी नव्हती. सातवा आतून गेला की खांबाबाहेरून
हे पंचालाही दिसलं नाही, त्यानं नुसती शिट्टी मारली
आणि चहाला गेला.
पंच वारले. लाझरसही गेला, मागच्या मार्गशीर्षात.
मी सहा लिहिलं.

मग नातवाचं नाव शोधलं.
पाचशे अकराव्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरात:
आढाव ए., क्रमांक अठ्ठावन्न, सामने शून्य.
शून्य!
दोन हिवाळे बाकावर बसला असेल कानटोपी घालून,
तोही छापलाय.

बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसलो.
हिनं विचारलं, चहा निवला, काय वाचताय एवढं?
म्हटलं, काही नाही, स्कोअर.

फोटो एकच आहे, शहात्तरचा, सामन्याआधीचा.
अकरा जण, दोन रांगा, देवरामच्या गळ्यात बूट.
उजव्या काठाला एक कोपर आहे
आणि सायकलचा पंप.
आदल्या दिवशी ब्लॅडर शिवून घेतलेलं,
हवा धरत नव्हतं,
फोटोवाला रेडी म्हणाला तरी मी भरतच होतो.

काल भद्रकालीतल्या छापखान्यातून फोन आला,
काका, कडेला कुणाचा तरी हात आलाय, कापून टाकू?
म्हटलं, काप.
जेवायला बसलो. भाजीत मीठ होतं की नव्हतं, कळलं नाही.
उठून उष्ट्या हातानंच
परत लावला.