सत्तेचाळीस

सुदुरोय बेटावर जुलैत काळोख असा होतच नाही.
पहाटे तीनला ओहोटी, तीनलाच उजेड,
आणि माझी मुलगी बिरिता गमबूट चढवून दारात:
"बाबा, येता? वही धरायला माणूस हवाय."

एकतीस वर्षं मी या गावाचा पाद्री.
बारसं, लग्न, माती, सगळ्यांच्या वह्या मीच धरल्या.
ही तेवढी राहिली होती.

खडकावर फ्लिया. बाटलीच्या टोपणाएवढे शंख,
आमच्याकडे गळाला लावायच्या लायकीचे.
प्रत्येकाच्या पाठीवर तिनं आकडा रंगवलाय.
भरतीत ते चरायला निघतात, हातभर, दोन हात,
आणि पाणी उतरायच्या आत परततात
नेमके आपापल्या जागी,
जिथं शंखाची कड आणि खडकाची खाच
एकमेकांत बसतात, डब्यावर झाकण बसावं तशी.
फट राहिली की वारा आत शिरतो.
जीव सुकतो.

"हे ज्ञान," ती म्हणाली, पट्टी दातांत धरून.
"डोळे नावापुरते, मेंदू मोहरीएवढाही नाही,
पण कडेला खडक पाठ आहे.
ज्यांचा अंदाज चुकला ते सांगायला उरले नाहीत.
आपलं डोकंही असंच, बाबा, घासून घासून बसलेलं.
तगायला लागलं तेवढंच त्याला कळतं."

"आणि माझा देव?"

ती थांबली. मला दुखवायचं नव्हतं तिला,
खोटंही बोलायचं नव्हतं. आईवर गेलीय.
"धुक्यात वल्ह्याचा आवाज आला
की कुणीतरी आहे असं धरून चालणारे वाचले.
नसेना का कुणी, हाक मारायला काय लागतं?
माणसं वाचली. सवय राहिली."

सव्वीस, जागेवर. सत्तावीस, जागेवर.
अठ्ठाविसाला मला सुचलं:
"पण झाकण बसतं म्हणजे डबा असतो ना?
खडकच नसता तर कड घासली कशावर?"
मनातल्या मनात रविवारचं प्रवचन उभं राहिलं,
शेवटच्या आमेनसकट.

"ते खडकावर आहे," ती वाकूनच बोलत होती.
"दगड मऊ असला तर शंखच त्याला कोरतो,
आपल्या मापाची खाच पाडतो.
कठीण असला तर शंख झिजतो, दगडाच्या मापाचा होतो.
वरून बघितलं तर दोन्ही सारखेच दिसतात.
तुमचा कुठला?"

मार्चमध्ये मारगुन गेली, नव्वदीची.
शेवटच्या रात्री प्रार्थनेचे शब्द तिच्याजवळ उरले नव्हते,
ओठ मात्र त्याच त्या जागी उघडत होते, मिटत होते.
मी उशाशी. चौदा वर्षांची असल्यापासून
रोज रात्री ती एकाच गोष्टीवर घासत आली होती स्वतःला.
काय झिजलं होतं त्यात, ती की ते?
मी तेव्हा विचारलं नाही. तेव्हा मला ते माहीत आहे
असं वाटत होतं.

"सत्तेचाळीस?" बिरितानं विचारलं.

सत्तेचाळीस नव्हता.
काळ्या बेसाल्टवर लंबगोल खाच तेवढी,
काठानं फिकट, आत थोडं पाणी साठलेलं.
मी अंगठा ठेवला. बसला नाही.
वहीत लिहिलं: मेला.

तिनं खांद्यावरून पाहिलं.
"तुम्ही पाहिलंत मरताना?"
"नाही."
"मग लिहू नका. पक्ष्यानं नेला असेल,
पलीकडे असेल, वाट चुकला असेल.
दिसलं तेवढंच लिहायचं."

मी खोडलं. पेन्सिल ओल्या कागदावर नीट उठेना.
तीस वर्षांत एवढं जपून मी काही लिहिलं नव्हतं:
सत्तेचाळीस. शंख नाही. जागा आहे.

तिनं वाचलं, मान हलवली,
आणि अठ्ठेचाळीसवर पट्टी लावली.
पाणी चढायला लागलं होतं.