टाचेवरचा थेंब

टोर्सहाव्नच्या इस्पितळात रात्रपाळीला
मी असते, आणि ती पेटी,
जिच्यात प्लेटलेटच्या पिशव्या हलत राहतात
पाळण्यात घातल्यासारख्या.
हलायच्या थांबल्या की निकामी.
आयुष्य मोजून काही दिवसांचं.
कोपनहेगनहून विमानाने येतात,
धुकं असलं की येत नाहीत.

त्या आठवड्यात धुकं होतं.

मारजुनला मी चेहऱ्याआधी नळीवरून ओळखलं.
दर पंधरवड्याला तिचं रक्त:
बावन्न हजार, एक्केचाळीस, अडतीस.
पोटऱ्यांवर लाल ठिपके, दंडावर निळं,
कुणी हात लावलेला नसताना.
नवरा ट्रॉलरवर, फोन लागला तर लागला.
बाकावर बसून ती विणायची, राखाडी लोकरीचं, एवढंसं,
आणि टाके मोजता मोजता विचारायची,
"माझा आकडा कळला. त्याचा?"
मी म्हणायचे, आईच्या आकड्यावरून
बाळाचा सांगता येत नाही.
खरं होतं. उपयोगाचं नव्हतं.

गुरुवारी पहाटे तो आला.
हेर्लुफ डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं:
चिमटा नको, व्हॅक्यूम नको, डोक्याला काही टोचायचं नाही.
मांडीतली सुईसुद्धा आकडा कळेपर्यंत थांबली.
नाळेतल्या रक्ताची नळी सुईण स्वतः घेऊन धावत आली,
अजून कोमट.
एकसष्ट.
सगळे हसले.
मी नाही. उतार असतो तो जन्मानंतर,
दोन-चार दिवसांनी,
सगळे पेढे वाटून झाल्यावर, असं आपलं म्हणायचं,
इथे वाटतात ते लोण्याचे केक.

तिसऱ्या रात्री यंत्र म्हणालं, एकोणीस.
मी यंत्राचं ऐकलं नाही.
थेंब काचेवर पसरला, रंगवला,
भिंगाखाली खसखशीएवढे जांभळे कण शोधले,
कडेला कुठे गठ्ठे होऊन लपलेत का पाहिलं.
एक. पुढे सरकवलं, शून्य. मग दोन.
यंत्र खोटं बोलत नव्हतं.

टाळूवर यंत्र ठेवून त्याच्या मेंदूचं चित्र काढलं:
काळोख, करडं, सगळं जागच्या जागी.
हजारो अनोळखी माणसांच्या रक्तातून गाळलेलं औषध,
दिसायला नुसतं पाणी, रात्रभर थेंबथेंब चढत राहिलं.
पेटीत एकच पिशवी होती. उद्या संपणारी.
रक्तस्राव झालाच तर म्हणून ठेवलेली.
तिला हलताना बघत मी उजाडवलं.

"मीच दिलं ना त्याला हे?" मारजुन म्हणाली.
ज्या वाटेने तुझ्या अंगाने गोवर ओळखल्याची आठवण
त्याच्यात उतरली,
त्याच वाटेने ही एक चूकही उतरली;
देताना शरीराला निवडता येत नाही.
हे मला सुचलं दुसऱ्या दिवशी, जिन्यात.
त्या रात्री मी एवढंच म्हणाले, "दूध पाज."

पिशवी न वापरताच फेकली.
सातव्या दिवशी सत्तेचाळीस. धुकं उठलं.

आधी त्याच्या टाचेला टोचलं तेव्हा
कापूस दाबून मी अकरा मिनिटं उभी होते,
घड्याळाकडे न बघण्याचं नाटक करत.
बाराव्या दिवशी पुन्हा टोचलं.
तो रागावला, लालबुंद झाला,
राखाडी मोजा एका पायात, दुसरा मारजुनच्या मुठीत.
मी कापूस शोधायला वळले,
वळून पाहते तर
थेंब तिथेच थांबलेला.