तेवीस किलो

मोंढ्यात मापाडी म्हणून एकतीस वर्षं काढली,
तूर तोलली, सरकी तोलली, सोयाबीन तोललं,
पण घर तोलायला पहिल्यांदाच बोलावलं
शेजारच्या करुणानं.
"मुंजाजी काका, तुमचा लटकन काटा घेऊन या.
माणशी एक बॅग, बॅगेला तेवीस किलो,
वर एक पोळी बी चालत नाही म्हणतेत."

ती जायली जर्मनीला.
इथं सिव्हिलला नऊ वर्षं नर्स होती,
आता तिकडच्या म्हाताऱ्यांना सांभाळणार.
सोबत संघपाल, आणि सम्यक, इयत्ता दुसरी.
गल्लीत जो येतो तो दारातूनच ओरडतो,
जगात जर्मनी, भारतात परभणी!
आणि आपल्यालाच सुचल्यासारखा हसतो.
करुणाही हसते. दिवसातून अकरा वेळा.

दोन महिने झाले, घर नुसतं कागदं जमवायलंय.
संघपालच्या बापाचं नाव टीसीवर किसन,
दुसऱ्या कागदावर किशनराव.
वारलेला माणूस एकच होता
हे पटवायला तहसीलच्या चार चकरा,
शिवाय नोटरीचे पाचशे.

रात्री भिंतीपलीकडून करुणाचं पाठांतर ऐकू येतं.
त्या भाषेतही म्हणे तो, ती, ते आहे, आपल्यासारखं,
फक्त तिकडं सूर्य बाई आहे
अन् चंद्र बाप्या.
माझी बायको म्हणाली, मे महिन्यात पाठवा तिला परभणीला,
बाई आहे का सासू ते कळंल.

छताच्या कडीला, जिथं सम्यकचा पाळणा होता,
तिथं काटा अडकवला.
पहिली बॅग. लाभ.
"एक का नाही म्हणत आजोबा?"
म्हणलं, मोजताना आम्ही एक म्हणत नाही, बाळा.
पहिल्यांदा जे हाताला लागतं, ते लाभ.
त्याच्या बापानंही हे आजच ऐकलं.

सव्वीस किलो दोनशे. काढा.
कुकर निघाला, तिकडं मिळतो म्हणून.
ज्वारीचं पीठ निम्मं झालं.
येसर राहिलं, कारळाची चटणी राहिली.
आईबापाचा फोटो फ्रेममधून सोडवला, काच इथंच ठेवली.
लग्नातला शालू निघाला, आत गेला, परत निघाला,
शेवटी करुणा म्हणाली, नेसूनच जाते विमानात,
अंगावरच्याचं वजन करीत नाहीत ना?

दोन नंबर जमली.
तिसरी सम्यकची. चोवीस.
उपसली, भरली. चोवीस.
स्वेटरं, वह्या, रंगाची पेटी, सगळं चिल्लर.
काटा खोटं बोलत नाही. मी बी नाही बोललो कधी,
अडत्यानं डोळा मारला तरी.
मग तळाशी, मोज्यात गुंडाळलेलं,
माझंच माप सापडलं.
लोखंडी, एक किलो, बुडाला शिसं, त्यावर सरकारी शिक्का.
मोंढ्यात इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून
माझ्या दाराला अटकण म्हणून पडलेलं.

म्हणलं, अरे, हे कशाला?
तो खाली बघत म्हणाला,
"तिकडचा किलो बरोबर आहे का बघायला."

संघपाल रागावणार होता. तोंड उघडलं, मिटलं.
करुणानं त्याच बॅगेतून तुरीच्या दाळीची पिशवी काढली.
मी तोलली नाही. किलोच होती.

मंगळवारी रात्रीच्या देवगिरीनं गेले.
डब्यात चढवताना बॅगा मीच मोजल्या,
लाभ, दोन, तीन.
माणसं मोजू नयेत म्हणतेत,
म्हणून नाही मोजली.

दाळ आमच्या डब्यात आहे.
बायको विचारते, लावू का?
कुकर बी त्यांचाच.
म्हणतो, लाव उद्या.

वारं सुटलं की दार आपटतं.
बायको म्हणते, वीट लावा एखादी.
हो म्हणतो.
आपटतंय, आपटू दे.