पाव फेरा

स्वारगेटच्या पंपामागे पांढरी ओम्नी,
आत प्रज्योत, एक कॉम्प्युटर, खोचलेली उदबत्ती.
माझ्या कायनेटिकच्या सायलेन्सरमध्ये त्यानं नळी सारली,
म्हणाला, रेस करा मॅडम. अजून. हां, धरा तशीच.
अठ्ठ्याण्णवची गाडी. खोकली, थरथरली, धरून राहिली.
सीओ पाच पॉइंट एक दोन.
साडेचारच्या आत पाहिजे, तो म्हणाला.
फार वाईट आहे का, मी विचारलं,
आणि माझाच आवाज ओळखीचा वाटला:
हे मला रोज दहाजण विचारतात.

मी साडेसहापासून घरोघरी रक्त गोळा करते.
पायाशी आईसबॉक्स, डिकीत सुया, कापूस, पावतीबुक.
तळजाईच्या चढावरचे मिराशी आजोबा
टेस्टच्या आदल्या आठवड्यात गोड सोडतात,
पहाटे मैदानाला चार फेऱ्या मारतात,
मग हात पुढे करतात. निरागस.

गंज पेठेत गफूरभाईंनी सायलेन्सर उतरवला,
रॉकेल ओतून पेटवला, फुटपाथवर आपटला.
आतून निघाली ती काजळी नव्हे,
माझी सव्वीस वर्षं, करपल्या पातेल्याच्या बुडासारखी.
मग डोळे मिटून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर लावला,
इंजिन ऐकलं, गवई तंबोरा ऐकतो तसं.
पाव फेरा. बस.
थंड नेऊ नका, तापवून न्या.

म्हणून सारसबागेला दोन चकरा.
तळ्यातल्या गणपतीला वाटलं असेल, प्रदक्षिणा.

तीन पॉइंट आठ सात. पास.
नंबरप्लेटचा फोटो, परत पन्नास रुपये,
सहा महिने चालेल असा पातळ कागद.

दुसऱ्या दिवशी सकाळी, तळजाईच्या अर्ध्या चढावर
गाडीनं मान टाकली.
अकरा बाटल्या रक्त घेऊन मी ढकलत निघाले.
फाटकातून मिराशी आजोबा: काय झालं गं?
म्हटलं, काही नाही,
हिनंही आठवडाभर गोड सोडलंय.
ते हसले. मग जरा वेळ हसले नाहीत.
मग बाही वर केली.
या खेपेला डॉक्टरांनी
मागच्या तीन महिन्यांचं सांगणारी टेस्ट लिहिली होती.
मी काही बोलले नाही. शीर शोधली.

संध्याकाळी गफूरभाईंना म्हटलं, उलटा फिरवा,
पण पाव नको, त्याच्या निम्मा.
ते म्हणाले, मग धड चढणार नाही, धड पासही होणार नाही.
असू दे, म्हटलं.

लक्ष्मीनारायणच्या सिग्नलला आरशात पाहिलं:
मागच्या मुलीनं स्कार्फ नाकावर ओढून घेतला होता.
तिला दिसत होता माझा निळसर धूर.
कागद डिकीत होता.