रीडिंग

डहाणूकर कॉलनीतलं क्लिनिक, दुसरा मजला.
अप्पांच्या डोक्यावर टोप, आत बारीक लाल दिवे.
"गरम लागतंय का, आजोबा?"
"ते राहू दे. युनिट किती खातं हे?"

तेहेतीस वर्षं मीटर वाचले त्यांनी,
कसबा, गंज पेठ, जिन्याखालचा काळोख,
दातांत टॉर्च धरून.

डॉक्टर म्हणाल्या, बारा आठवडे करून बघू.
खात्री नाही देत.
माझं नाव गेल्या दिवाळीतच सुटलंय त्यांच्याकडून.

आज टोप काढल्यावर
माझ्या तोंडाशी वाकले, डोळे बारीक करून,
काचेवरची धूळ पुसावी तसा
अंगठा फिरवला कपाळावर. टिकली सरकली.

बराच वेळ पाहिलं.
मग मागे, न दिसणाऱ्या कुणाला तरी
ओरडून सांगितलं:
"चालू आहे. लिहून घे."